तीन स्वच्छ पुस्तकं आणि एक गोगलगाय

रविवार, १३ जुलै २०२५. सकाळी ९.४०. नांदेड.

साबणानं दोनदा हात धुऊन लिहायला बसलो. कारण – एक पुस्तक! लहान मुलांचं, फ्रेंच. सहाव्या पानावर एक पोरगं नाकात बोट घालतं. सातव्यावर तेच बोट टेबलाखाली पुसतं. आठव्यावर टेबलाची खालची बाजू. हिरवी, रंगीत, पूर्ण पानभर! हे काढायला कुणीतरी चित्रकार बसवला. त्यानं ब्रश बुडवून बुडवून काढलं. आणि आई-बाप ते विकत घेऊन लेकराला वाचून दाखवतात.

वर्षाराणी मॅडमकडे आनंदनगरला पत्र्याची पेटी आहे. पुण्याला फ्रेंच शिकत होत्या तेव्हा रद्दीतून किलोवर घेतलेली बाळपुस्तकं. काल पेटी उघडून म्हणाल्या, "व्याकरण बास झालं, शिवप्रसाद. आता पाच वर्षांचं पोर वाचतं ते वाचा. तीन निवडा, तुमची तुम्ही. मोठ्यानं वाचायचं, आणि फ्रेंच येत नाही अशा माणसाला ऐकवायचं. चित्रं बघून त्याला कळलं, तर तुम्हाला कळलं."

चोवीस वर्षांचा झालो. बारावीत इंग्रजीनं दोनदा पाडलं. आता हे.

तक्रार नाही. पावसाळ्यात बोअरच्या गाड्या उभ्या असतात, वेळ आहे. जन्मभर रॉड उचलायचे नसतील तर बेनिनशिवाय रस्ता नाही. मल्लेश – देगलूरचा, आमच्याच गाडीवर ऑपरेटर होता – आता तिकडे आफ्रिकेत, फ्रेंच चालणाऱ्या मुलखात, बोअर मारतो. त्याच्या कंपनीला इथला एकच माणूस पाहिजे. नावं दोन गेलीत. एक माझं. दुसरं सत्यमचं. सत्यम लोह्याचा, याच खोलीत राहतो, मॅडमकडेच फ्रेंच शिकतो, आत्ता माझ्यामागे गॅसवर ऑम्लेट करून राहिला. तवा माझा आहे!

बुधवार, १६ जुलै.

पेटी सगळी उपसली. एकेक पुस्तक फडक्यानं पुसून पाहिलं. नापास पुस्तकं:

आजोबा दातांची कवळी ग्लासात ठेवतात. नातू तहानलेला उठतो आणि ते पाणी पितो. सगळं घर हसतं.

एक कुत्रं मुलीच्या ताटात जेवतं. आधी कुत्रं, मग मुलगी. त्याच चमच्यानं.

एक डुक्कर. त्याला नाव ठेवलंय, गळ्यात निळी फीत. वीस पानं त्याला खाऊ घालतात, खाजवतात. शेवटच्या पानावर स्वयंपाकघरात मांसाच्या माळा टांगलेल्या आणि मुलगा हसतोय. ती निळी फीत आता मुलाच्या टोपीला! आम्ही लिंगायत, शाकाहारी. गळ्यातलं इष्टलिंग हातात धरून बसलो दोन मिनिटं.

चीजचं एक. बुरशी आलेलं, निळी-हिरवी. ते ताटात आलं की मुलं नाक धरतात आणि टाळ्या वाजवतात. आमच्याकडे ते उकिरड्यावर गेलं असतं.

सत्यमला दाखवलं. त्यानं नाकवालं पुस्तक उचललं, आठवं पान उघडलं आणि असा हसला की खालून घरमालकीण ओरडली. "हे मला पाहिजे बे! हेच्यात जीव हाय!"

शनिवार, १९ जुलै.

निवडली. तीन. १) टपालवाल्याचं. सायकल, दारं, पाकिटं. २) रेल्वेचं. डबे, बोगदा, पूल. ३) टेबल मांडण्याचं – ताट, सुरी, काटा, पेला, रुमाल. तिन्ही पुस्तकांत एक डाग नाही. शब्द वहीत उतरवले. अक्षरांवर त्यांच्या बारक्या रेघा असतात, टोप्या असतात, एकही सोडली नाही.

मल्लेशचा फोन आला होता. पुस्तकांचं सांगितलं. तो म्हणाला, "ते वाच रे. पण भाषेचं सोड, दुसरंच आईक. इथं पाणी लागलं की गाव जेवायला घालतं. अख्ख्या गाडीला. बायका परात आणून म्होरं ठेवतात. तोंड वाकडं केलं की संपलं, म्होरल्या गावात गाडीला कुणी उभं करीत न्हाई. किनवटला काय केलतंस, ध्यानात हाय ना?"

मी काय केलं होतं? पोट बिघडलंय म्हणालो होतो. एवढंच.

"पोट! ती बाई मला इचारून राहिली – तुमच्या माणसाला आमच्या हातचं चालत न्हाई का? मी काय सांगू तिला?"

सुकट होती त्यात! वास गाडीच्या डिझेलपर्यंत येत होता. आमच्या घरात कांदा परतला तरी अप्पा खिडकी उघडायला सांगतात. मी काय करायला पाहिजे होतं?

बुधवार, २३ जुलै.

मॅडमपुढे वाचलं. ऐकायला त्यांच्या शेजारणीला बसवलं होतं. तिन्ही पुस्तकं, एकही अडखळ नाही. शेजारीण म्हणाली, "छान वाचतात," आणि कुकर लावलाय म्हणून गेली.

मॅडमनी तिन्ही पुस्तकं पुन्हा चाळली. म्हणाल्या, "तीन पुस्तकं निवडलीत. एकातही कुणी कुणाशी बोलत नाही."

मी म्हणालो, टपालवाला 'बोंझूर' म्हणतो.

"बंद दाराला म्हणतो, शिवप्रसाद. आणि हे बघा. टेबल मांडलंय एवढं सुंदर. जेवायला कोण आहे?"

खरंच कुणी नाही. शेवटच्या पानावर रिकाम्या खुर्च्या. मी ते स्वच्छ म्हणून घेतलं होतं.

मग सत्यमनं नाकवालं वाचलं. वाचलं कसलं, नाचला! त्यातली आई मुलावर सारखी ओरडते – थांब, सोड, दे इकडे, हात धू, शी! हा मॅडमच्या पोरावरच ओरडायला लागला. पोरगं हसून हसून लोळलं. उच्चार सगळे चुकीचे. टोप्या-रेघांचा पत्ता नाही. पण पोराला सगळं कळलं.

जिन्यात म्हणतो कसा, "पंडितजी, तुम्ही बेनिनला ताटं मांडा. मी बोअर मारतो."

शनिवार, २६ जुलै.

झोप नाही, भूक नाही. मॅडमनी आज चौथं पुस्तक दिलं. मी मागितलं नव्हतं. मी उघडलं, आणि तिथंच मिटलं.

गोगलगाय!

सबंध पुस्तकभर गोगलगाय. पुन्हा नुसतं चित्र नाही – तिच्या चालण्याची चिकट रेघ प्रत्येक पानावर चकचकीत छापलीय, बोटाला गुळगुळीत लागते. मॅडमना सांगितलं, आमच्या निलंग्याकडे हिनं तीन वर्षं सोयाबीन खाल्लंय, बाकी काहीही द्या. तर त्या म्हणतात, "घरी आईला काय म्हणता तुम्ही?"

अव्वा.

"अव्वांना वाचून दाखवा. श्रावण सोमवारला जाणार आहात ना? मोठ्यांच्या पुस्तकातली माणसं कपडे घालून, केस विंचरून बसलेली असतात. लहान मुलांच्या पुस्तकात घर जसं आहे तसं दिसतं. तुम्हाला लोकांच्या घरात जायचंय. दारात पत्रं टाकायची नाहीत."

वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत टाकलं. डब्यापासून लांब, वेगळ्या कप्प्यात.

सोमवार, २८ जुलै. गावी.

पहाटे अव्वाबरोबर शेतात. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं बांधाच्या कडेला टाकून ठेवायची, उजाडायच्या आत उचलायची. खाली सगळ्या गोळा झालेल्या असतात. एकीवर एक. मुठीएवढ्या. शिंगं बाहेर. त्या वेचून बादलीत टाकायच्या आणि बादली भरली की वरून मीठ टाकायचं. फेस येतो. एक आवाजही येतो, तो लिहीत नाही.

मी दोन्ही हातांत प्लास्टिकच्या पिशव्या घातल्या होत्या. अव्वा उघड्या हातानं वेचत होती. हसली. "हातात पिशव्या घालून आला माझा साहेब! आफिरकेला बी पिशव्या नेतोस का?"

मी म्हणालो, तुला किळस येत नाही?

"येती की. किळस आली म्हणून पीक सोडू व्हय?" बादलीत मीठ टाकताना दर वेळी पुटपुटते – शिव शिव. बघत नाही बादलीकडे. इतकी वर्षं बघतोय, पण ती बघत नाही हे मी आज बघितलं.

दुपारी वाचायचं टाळलं. उपास म्हणून झोपलो.

मंगळवार, २९ जुलै.

अव्वानंच पिशवीतून काढलं. वर्तमानपत्र सोडून मांडीवर घेतलं. "बया! गोगलगाय! साळंत हिचा धडा हाय व्हय तिकडं?" ती चकचकीत रेघ बोटानं पुढपर्यंत गिरवत गेली. "हुबेहूब काढलंय बघ."

वाचावं लागलं. फ्रेंच वाचलं, मग तिनं विचारलं, "काय म्हणून राहिली ती?"

मी खोटं सांगितलं. म्हणालो, ही गोगलगाय एका बेडकाची सगळी बाग खाऊन टाकते, शेवटी तिला शिक्षा होते. खरी गोष्ट मला सांगवेना. तासाभरापूर्वी दोघांनी बादली उलथून खड्डा बुजवला होता.

अव्वा पानं उलटत होती. तिला वाचता येत नाही. म्हणाली, "बाग कुठं खाल्ली? हे बघ, बेडकाच्या दाराला फुगे हायत. वाढदिस हाय त्याचा. ही सकाळी निघाली, हितं सूर्य वर आला, हितं मावळला. पोचेपर्यंत सगळे जेवून गेले. रिकामी ताटं. मला चितरं वाचता येतात, शिवा."

तिनं पान उलटलं.

"हेच्यावर काय हाय?" बेडूक एक बशी पुढे करतो. त्यात एकच खारं बिस्कीट उरलंय, वर पांढरे ठिपके. अव्वानं चष्मा वर-खाली केला. "हे मीठ हाय!" पुस्तक एकदम लांब धरलं. मग पुन्हा जवळ. "मीठ म्होरं केलं की रं तिच्या. आन् तिनं शिंगं आत घेतली. आता काय म्हणती?"

खरं सांगितलं. ती म्हणते, 'हे मला चालत नाही. पण मी तुझ्याशेजारी बसते.'

पुढच्या पानावर एक अक्षर नाही. दोघं पाठमोरे बसलेत, बेडूक आणि ती. मध्ये बशी.

अव्वानं मधल्या बशीवर बोट ठेवलं. म्हणाली, "शहाणी हाय." मग म्हणाली, "तू सांगत व्हतास त्या टपालवाल्याचं ऱ्हाऊ दे. हेच वाच रोज. हेच्यात कुणीतरी कुणाच्या घरी जाऊन राहिलंय."

रविवार, ३ ऑगस्ट.

अजून गावीच. रोज पहाटे गोणपाट, रोज दुपारी पुस्तक. दोन्हीची सारखीच शिसारी येते. अव्वा आता फ्रेंच वाक्य ऐकून पुढचं चित्र सांगते. शेजारच्या केवळाबाईला बोलावून आणलं – "बस, माझा लेक परदेशी गोगलगाय वाचतो." केवळाबाई म्हणाली, "वाचून वाचून हिला पळवून लावतो का? मग आमच्या बी रानात वाच बाबा." बांधावर बसून दोघी हसतात.

वाक्यं पाठ झाली. मी ठरवून केली नाहीत.

बुधवार, ६ ऑगस्ट. नांदेड.

मॅडमना सांगितलं, चौथं पण वाचलं. त्यांनी पुढे विचारलं नाही. बरं झालं. कंपनीची फ्रेंच मुलाखत पुढच्या आठवड्यात. तिच्यासाठी मी टेबलाचंच तयार करणार. स्वच्छ आहे, शब्द पक्के आहेत.

गुरुवार, १४ ऑगस्ट. संध्याकाळी ६.१०.

झाली मुलाखत. संपलो मी. सगळं लिहून काढतो, म्हणजे पुन्हा आठवायला नको.

मॅडमच्या घरी, दुपारी तीनला. तिकडे सकाळ. पडद्यावर एका बाजूला मल्लेश, मधे अदेल नावाच्या बाई. गावोगाव जाऊन लोकांशी बोलायचं काम त्यांचं. बोअर कुठे घ्यायचा, पाणी कुणी कधी भरायचं, सगळं. आधी त्यांच्याशी जमलं पाहिजे. साधारण अव्वाच्या वयाच्या. डोक्याला पिवळा रुमाल, चष्मा दोरीनं गळ्यात. मागे कोंबड्या.

आधी सत्यम गेला. दाराबाहेर ऐकू येत होतं. बाई हसत होत्या. जेवणाचं विचारलं तर हा ओरडला, "सगळं! सगळं खातो!" मग त्यांनी विचारलं, चालू गाडीजवळ बायका-मुलं येतात, त्यांना लांब कसं ठेवशील? तर हा सुरू – थांब! सोड! हात धू! शी! घाण! पोराच्या आईसारखा. या वेळी तिकडून हसण्याचा आवाज नाही आला.

मग मी. बाईंनी सावकाश विचारलं, घरी असतोस तेव्हा सकाळी काय करतोस?

ताट, सुरी, काटा, पेला, रुमाल – सगळं गेलं! डोकं कोरं. आणि तोंडातून आलं ते गोणपाट. म्हणालो, आई आणि मी शेतात जातो. पोतं उचलतो. खाली गोगलगायी असतात. पुष्कळ. आणि मूठ दाखवली – एवढ्या!

बाई पुढे सरकल्या. डोळे चमकले. मग?

मग मीठ.

"मीठ, बरोबर! आधी मिठानं चोळून धुवायच्या," असं काहीतरी. टोमॅटो कळलं, मिरची कळलं. "आणि मग?"

मग खड्डा. पुरून टाकतो.

त्यांना वाटलं मी शब्द चुकलो. पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं, फेकतो. खात नाही. फेकतो.

"एवढ्या? फेकता?"

आणि त्यांचं तोंड! नाक आक्रसलं, ओठ खाली गेले, मान मागे. शी म्हणायची राहिली फक्त. ते तोंड मी ओळखलं. सत्यमच्या तव्याकडे बघताना, किनवटला त्या परातीकडे बघताना, ते माझंच असतं. पहिल्यांदा समोरून बघितलं. कसं वाटतं ते कळलं!

त्यांनी मागे वळून कुणाला तरी हाक मारली. दोन बायका आल्या, वाकून माझ्याकडे बघायला लागल्या – हाच तो, गोगलगायी फेकणारा. मल्लेशनं कपाळाला हात लावला. बाई सांगत होत्या, त्या लहान असताना आईबरोबर उजाडायच्या आधी रानात जाऊन गोगलगायी वेचायच्या. बाजारात विकायच्या. त्यावर शाळा झाली.

मग चष्मा लावला आणि विचारलं. हळू, एकेक शब्द. पाणी लागलंय. गावानं तुझ्यापुढे भांडं ठेवलंय. त्यात गोगलगायीचा रस्सा. ज्या बाईनं केला ती समोर उभी आहे. काय म्हणशील?

सगळं खातो – हे मला बोलता येत होतं. सत्यमनं दहा मिनिटांपूर्वी म्हटलेलं कानात होतं. पोट बिघडलंय – हेही येत होतं. माझा हात गळ्यातल्या लिंगाकडे गेला.

म्हणालो, "हे मला चालत नाही. पण मी तुमच्याशेजारी बसतो."

पुस्तकातलं जसंच्या तसं. गोगलगाय बेडकाला 'तू' म्हणते, तेवढं बदललं.

बाई म्हणाल्या, कुठं बसशील? लांब?

नाही. जवळ. भांडं मध्ये.

त्या पुढे भरभर काहीतरी बोलल्या, एक शब्द कळला नाही. मल्लेशनं मान खाली घातली. संपलं.

आठवडे घालवले, रेघा-टोप्या गिरवल्या, आणि शेवटी नोकरीच्या मुलाखतीत चिकट किड्याची गोष्ट सांगितली. स्वतःचीच शिसारी आली. सत्यम चहा घेऊन आला होता. कप विसळून आणला होता. प्यायलो नाही.

शुक्रवार, १५ ऑगस्ट.

काही नाही. सत्यम बॅग विकत घ्यायला गेला.

मंगळवार, १९ ऑगस्ट.

मल्लेशचा फोन! आधी पाच मिनिटं शिव्या. "लेका, गोगलगाय! मुलाखतीत गोगलगाय! मला वाटलं गेलं आता."

मग म्हणाला, "बाई म्हणाली, तो फेकणारा पाठवा. मी म्हटलं, तो खात न्हाई काही, दुसरा सगळं खातो. तर म्हणती, खातो म्हणणारे लई आले. पहिल्या दिवशी खातात, दुसऱ्या दिवशी पानाखाली लपवतात, तिसऱ्या दिवशी गावात यायचंच बंद. हा आधीच सांगून राहिला. आन् बसतो बी म्हणतो. बस मग बाबा! बसला न्हाईस ना, तर तिथनंच परत धाडीन."

सत्यमला सांगायची हिंमत होत नव्हती. त्यालाही फोन आला होता. खाटेवर पाय पसरून म्हणाला, "नेलं बे तुला गोगलगायीनं. मला शेंबड्यानं बुडवलं." भिंतीकडे तोंड करून पडला. नवी बॅग कोपऱ्यात होती. उठून माझ्याकडे सरकवली. "घे. तुझ्या त्या पिशवीत माणूस परदेशी जातो का?" आणि गॅसवर ऑम्लेट टाकलं. माझ्या तव्यावर.

मी बाहेर गेलो नाही. खिडकीही उघडली नाही. अव्वानं एसटीनं धाडलेल्या भाकरीचं फडकं सोडून त्याच्यासमोर बसलो. वास येत होता. येऊ दिला.

तो म्हणाला, "काय बे, तब्येत बरी हाय ना?"

शनिवार, २३ ऑगस्ट.

टपाल, रेल्वे, टेबल – मॅडमना परत केली. चौथं काढलं तर म्हणाल्या, ते अव्वांकडे राहू द्या.

रविवार, २४ ऑगस्ट. पहाटे. गावी.

पुढच्या महिन्यात जायचं. आज पिशव्या न घालता वेचलं. थंड लागतात हाताला, जड. शिंगं आत घेतात. बादली भरली, आणि मला मीठ टाकता आलं नाही. डबा हातात धरून उभा राहिलो. अव्वानं बघितलं. डबा माझ्या हातातून घेतला, दर वेळेसारखी मान वळवून मीठ टाकलं. शिव शिव. फेस यायला लागला.

मी उठून गेलो नाही. तिच्याशेजारी बसलो.